संदर्भसूचीतला फेरफार

मंडळी, एका पुस्तकाची दोन पुस्तकं कशी होतात ते आज सांगतो. यात जादू नाही आणि छापखान्याची चूकही नाही. दोन-तीन शिकलेली माणसं, एक संगणक आणि "एवढ्यानं काय बिघडतं?" हा प्रश्न, इतकं साहित्य पुरतं.

मदिनेत आमचं काम पाण्याचं. म्हणजे प्यायच्या पाण्याचं नव्हे, ते दुसऱ्यांकडे. आमच्याकडे पुराचं. हसू नका. इथे वर्षाचे बहुतेक दिवस आभाळ कोरडं ठणठणीत असतं, पण पाऊस येतो तेव्हा एका दुपारीच येतो आणि उघड्या खडकावरून सगळाच्या सगळा खाली धावतो. शहराच्या पश्चिम अंगाने वादी अकीक जाते. वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी नदी. अशा ठिकाणी रस्त्याखालची मोरी किती रुंद ठेवायची हे ठरवायला जुन्या पुरांच्या नोंदी लागतात, आणि त्या नोंदी जुन्या अहवालांत असतात.

आमच्या एका अहवालात असं वाक्य होतं: अमुक पुराचा आकडा १९९२ आणि १९९३ च्या दोन स्वतंत्र अहवालांत सारखाच आढळतो, त्यामुळे तो विश्वसनीय मानायला हरकत नाही. वाक्य माझंच. छान वाटत होतं. आमच्याकडे एक ज्येष्ठ इंजिनिअर आहेत, सुदानचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी ते वाचलं, काही न बोलता उठले, कपाटातून हिरव्या पुठ्ठ्याचं एक बाड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "हा एक. आता दुसरा दाखव."

दुसरा नव्हताच. बाडावर अरबीत साल छापलं होतं १४१३. हिजरी १४१३ हे वर्ष जुलै १९९२ मध्ये सुरू होऊन जून १९९३ मध्ये संपलं. आमच्या एका सहकाऱ्याने त्याच्या लेखासाठी १४१३ खोडून १९९२ केलं होतं, कारण नियतकालिकाला इसवी सन हवा होता. दुसऱ्याने दुसऱ्या लेखासाठी त्याच बाडाची नवी नोंद करून १९९३ लिहिलं. शीर्षकाचं इंग्रजी भाषांतर दोघांनी आपापल्या परीनं केलं. मूळ अरबी शीर्षक आणि मूळ साल दोन्ही नोंदींत कुठेच राहिलं नाही. मी आपला सामायिक यादी उघडून बसलो, आणि मला दोन अहवाल दिसले. दोन साक्षीदार म्हणून मी त्यांना उभं केलं. साक्षीदार एकच होता, फक्त टोपी बदलून दोनदा आला होता.

मोरी बांधून झालेली नव्हती, म्हणून वाचलो. अहवाल मागे घेतला, वाक्य काढलं, आकड्यावरचा भरवसा कमी करून हिशोब पुन्हा केला. बैठकीत मान खाली घालावी लागली ती वेगळीच. पण त्या दिवसापासून मला या विषयाची चीड आली आहे, आणि आजचं लिखाण त्या चिडीतून आलेलं आहे हे आधीच कबूल करतो.

आता ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं. विज्ञान-तंत्रज्ञानातले पुष्कळ लोक (आणि हल्ली मानव्यशास्त्रांतलेही काही) आपले लेख आणि प्रबंध लाटेक नावाच्या अक्षरजुळणीच्या व्यवस्थेत लिहितात. डोनाल्ड कनूथ यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी टेक तयार केलं, त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभं केलं. संदर्भसूचीसाठी १९८५ साली ओरेन पटाश्निक यांचं बिबटेक आलं. त्यातली कल्पना फार चांगली आहे. पुस्तकांची यादी एका वेगळ्या फाइलीत ठेवायची. प्रत्येक पुस्तकाची एक नोंद, आणि नोंदीत रकाने: लेखक, शीर्षक, साल, प्रकाशक, पृष्ठं. लेखात फक्त नोंदीची खूण द्यायची. मग सूची कशी दिसावी, लेखकाचं आडनाव आधी की नंतर, साल कंसात की शेवटी, हे सगळं यंत्र ठरवतं. यादी एकदा केली की शंभर लेखांना पुरते. घरातल्या मोठ्या पिंपासारखं. ज्याला जितकं हवं तितकं त्याने आपल्या तांब्यात घ्यावं.

भांडण इथेच आहे. एका लेखाला नोंदीतलं काहीतरी वेगळं हवं असतं. वेब पत्ता नको, किंवा प्रकाशनस्थळ नको, किंवा साल इसवीतच हवं, किंवा लेखकाचं नाव रोमन लिपीत हवं. मग माणूस काय करतो? पिंपातच हात घालतो. मूळ यादीतला रकाना खोडतो, हवं ते लिहितो, लेख पाठवून देतो आणि विसरतो. पुढच्याला जे पाणी मिळतं ते हात धुतलेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. मूळ नोंदीला एखाद्या लेखाच्या सोयीसाठी हात लावू नये. बदल लेखापुरता हवा असेल तर तो लेखाच्या आतूनच करावा. आणि आतून केलेला बदलही लपवून करू नये.

पहिल्या अर्ध्या भागाला तांत्रिक अडचण आता उरलेली नाही. जुन्या बिबटेकमध्ये ती होती. तिथे रकान्यांचं काय करायचं हे एका वेगळ्या शैली-फाइलीत ठरायचं आणि तिची भाषा अशी उलट्या डोक्याची की तिच्यात हात घालण्यापेक्षा लोक मूळ यादीच खोडत. ते मी समजू शकतो. पण २००६ मध्ये फिलिप लेमन यांचं बिबलाटेक आलं, आणि मग त्याच्या जोडीला बायबर. त्यानंतर ही सबब संपली. लेखाच्या सुरुवातीलाच चार ओळी लिहून सांगता येतं की या लेखापुरता अमुक रकाना गाळ, तमुक रकान्यात हे घाल, फक्त या एका नोंदीचं साल असं दाखव. मूळ फाइलीचा एक बिंदूही हलत नाही.

यात दोन वाटा आहेत आणि त्यांतला फरक माहीत नसला की फजिती होते, म्हणून सांगतो. एक वाट छापतेवेळची. 'अॅट-एव्हरी-बिबआयटम' या आज्ञेत 'क्लिअरफील्ड' सांगितलं की सूचीतली प्रत्येक नोंद छापताना तो रकाना रिकामा होतो. पण तोवर सूचीचा क्रम लागून गेलेला असतो. म्हणजे साल पुसलं तरी क्रम पुसलेल्या सालानुसारच राहतो, आणि वाचणाऱ्याला सूची विस्कटलेली वाटते. शिवाय हा हुकूम फक्त सूचीला लागू आहे. मजकुरातल्या कंसात जुनं साल तसंच छापलं जातं. सूचीत एक आणि मजकुरात दुसरंच, असे लेख मी पाहिले आहेत. एक तर मीच लिहिला आहे. (लिंक देणार नाही. :) )

दुसरी वाट वाचतेवेळची. 'डिक्लेअर-सोर्समॅप' नावाच्या आज्ञेने बायबर मूळ फाइल वाचत असतानाच रकाना बदलतो, क्रम लागायच्या आधी. त्यामुळे क्रम, कंसातलं साल, सूची, सगळं एकमेकांशी जुळतं. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सोर्समॅपने एखाद्या रकान्यात नवा मजकूर घालायला सांगितला आणि तो रकाना आधीच भरलेला असला, तर मूळच्या सेटिंगप्रमाणे तो त्याला हात लावत नाही. पुसून लिहायचं असेल तर 'ओव्हरराइट' असं स्पष्ट सांगावं लागतं. आणि पुसण्याआधी जुना मजकूर दुसऱ्या एखाद्या मोकळ्या रकान्यात नकलून ठेवायची सोयही त्यातच दिली आहे. हे बनवणाऱ्यांना भीती कशाची होती ते यातून दिसतं. यंत्राला जी लाज आहे ती आपल्याला का नसावी?

आता दुसरा अर्धा भाग. इथे माझं त्या मंडळींशी भांडण आहे जी म्हणतात, "बरोबर, मूळ फाइल नका बदलू, लेखात दोन ओळी टाका, झालं काम." झालं काम? कुठला रकाना बदलताय यावर ते अवलंबून आहे.

वेब पत्ता, आयएसबीएन, ग्रंथमालेचं नाव, प्रकाशनाचं गाव, हे रकाने म्हणजे अंगावरचे कपडे. लग्नाला वेगळे, शेतावर वेगळे. खुशाल गाळा. पण लेखक, शीर्षक, साल, आवृत्ती हे कपडे नव्हेत. ते बदलले की माणूसच बदलतो. सूचीचा उपयोग एकच असतो: वाचणाऱ्याने ती घेऊन ग्रंथालयात जावं आणि तेच पुस्तक हातात यावं. माझ्या हिरव्या बाडावर १९९२ कुठेही छापलेलं नाही. १९९२ घेऊन शोधणाऱ्याला ते कधीच सापडलं नसतं.

तुम्ही म्हणाल, हे हिजरीचं दुखणं तुमच्या सौदीतलं, आम्हाला काय त्याचं? इथेही कारभार बराचसा इसवीवर आला आहे. २०१६ पासून सरकारी पगार इसवी महिन्याने होतात, २०२३ मध्ये सरकारी कामकाजातल्या मुदतीही इसवीने मोजायचं ठरलं. पण जुनी कपाटं हिजरीतच बोलतात. आणि आपली जुनी कपाटं कशात बोलतात? शके. टिळकांचं 'गीतारहस्य' १९१५ साली, म्हणजे शके १८३७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या काळच्या कितीतरी मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर शकच आहे. आपले विद्यार्थी काय करतात? अठ्ठ्याहत्तर मिळवतात आणि मूळ विसरतात.

अठ्ठ्याहत्तर मिळवण्याचं एक उदाहरण देतो, ते मात्र महाराष्ट्रात सगळ्यांना पटेल. जेधे शकावलीत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा नोंदलेला आहे. १५५१ मध्ये ७८ मिळवा. १६२९ येतात. पण फाल्गुन पडतो फेब्रुवारी-मार्चात, तोवर इसवी साल बदललेलं असतं, म्हणून मिळवायचे असतात ७९. म्हणून १९ फेब्रुवारी १६३०. या तिथीवरून किती वाद झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. शके १५४९ चा पक्ष होताच, आणि राज्य सरकारने १९ फेब्रुवारी ही तारीख २००१ मध्ये मान्य केली. हा वाद निदान घालता तरी आला, कारण मूळ कागदावर शक, महिना, पक्ष, तिथी असं सगळं होतं. कुणा सोयीस्कर माणसाने मधेच शक काढून नुसता "१६२९" असा आकडा यादीत लिहून ठेवला असता आणि शकावली हरवली असती, तर आपण कशावर भांडलो असतो?

त्याहून गंमत सुहूर सनाची. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर "सीत सबैन मया व अलफ" असं साल लिहिलेलं असतं. हे शब्द सगळे अरबी. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७६. पुण्याच्या कारकुनाने मोडीत लिहिलेलं हे साल मदिनेतला पोरगाही ऐकून ओळखेल. पण ते हिजरी ११७६ नव्हे! सुहूर सन सौर आहे, मृग नक्षत्रापासून सुरू होतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी मिळतो. म्हणजे हा १७७५-७६ चा कागद. कुणी अरबी शब्द पाहून हिजरी समजला तर तेरा वर्षांनी मागे, १७६२-६३ मध्ये जाऊन पडेल, म्हणजे माधवराव पेशव्यांच्या काळात. मूळ शब्द रकान्यात असले तर अशी चूक दुसरा कुणीतरी पकडतो. आकडा बदलून ठेवला की पकडणार कशाने?

बिबलाटेकच्या तारखेच्या रकान्याला इसवी सनच कळतो, हे मान्य. ती त्याची मर्यादा. पण 'इयर' रकान्यात अक्षरं लिहिली तर तो जशीच्या तशी छापतो, आणि क्रम लावायला 'सॉर्टइयर' नावाचा निराळा रकाना आहे. छापायला शके १८३७, क्रमाला १९१५. दोन्ही खरं. खोटं बोलायची गरजच नाही. पुनर्मुद्रणासाठी 'ओरिजडेट' आहे. तरीही लोक सहाव्या आवृत्तीचं पान देतात आणि साल पहिल्या आवृत्तीचं दाखवतात, जुना संदर्भ भारदस्त दिसतो म्हणून.

नावांचं तर विचारूच नका. 'विशाखा' हा काव्यसंग्रह १९४२ चा, कवी कुसुमाग्रज. 'नटसम्राट' हे नाटक, नाटककार वि. वा. शिरवाडकर. माणूस एक, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण कविता एका नावाने आणि नाटकं दुसऱ्या नावाने, ही त्या माणसाने स्वतः केलेली निवड आहे. सूची एकसारखी दिसावी म्हणून सगळीकडे "शिरवाडकर, वि. वा." करून टाकलं की ती निवड पुसली जाते, आणि 'विशाखा' शोधणारा मुखपृष्ठावर भलतंच नाव पाहून गोंधळतो. एक माणूस आहे हे सांगायचंच असेल तर नावापुढे चौकटी कंसात सांगा. बिबलाटेकमध्ये त्यासाठी 'नेमअॅडॉन' नावाचा रकाना आहेच. मूळ नाव ठेवून शेजारी भर घालणं वेगळं, आणि मूळ नाव हटवून तिथे दुसरं बसवणं वेगळं.

श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद घ्या, 'योगसंग्राम'कार. यंत्राला नुसतं "शेख महंमद" दिलं तर ते शेवटच्या शब्दाला आडनाव समजतं आणि "महंमद, शेख" करून मोकळं होतं. म्हणजे सतराव्या शतकातल्या आमच्या मराठी संताला यंत्राने "मिस्टर महंमद" केलं! इथे बदल करायलाच हवा, आणि योग्य जागा मूळ नोंदच आहे, कारण इथे नोंदच चुकीची भरली गेली आहे. दुहेरी महिरपी कंस घातले की नाव एकसंध राहतं. चूक दुरुस्त करणं आणि सोयीसाठी बदलणं या दोन गोष्टी आहेत. पहिली पिंपात करा, म्हणजे सगळ्यांना फायदा. दुसरी आपल्या तांब्यात.

(आम्ही कोकणातले मुसलमान या नावांच्या प्रकरणात मुरलेले आहोत. गावाकडे आडनावाला गावाचा 'कर', पासपोर्टवर बापाचं नाव मधे, इथल्या कागदांवर आजोबांचंही. माझ्या नावाचे तीन संशोधक जालावर नांदत आहेत, आणि तिघेही मीच.)

आता ज्या शहरात बसून हे लिहितोय त्या शहराकडे येतो. संदर्भ देण्याचं शास्त्र कुणाला शिकायचं असेल तर मदिनेहून चांगली जागा नाही. हदीस सांगताना आधी साखळी सांगायची: मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून. इमाम मालिक याच शहरात शिकवत, इथेच हिजरी १७९ मध्ये, म्हणजे इसवी ७९५ मध्ये वारले. या साखळ्या तपासणाऱ्या विद्वानांनी साखळीतले दोष नावं देऊन वेगळे काढले. त्यातल्या एकाचं नाव तदलीस, म्हणजे मालातला खोट झाकणं. आणि त्याचा एक पोटप्रकार आहे तदलीस-उश-शुयूख. यात माणूस खोटं बोलत नाही. ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव सांगतो, पण लोकांना ओळखू येणार नाही असं सांगतो. नेहमीच्या नावाऐवजी कुठलं तरी आडवळणाचं उपनाव, गावाचं नाव, बापाच्या नावाऐवजी खापरपणज्याचं. परिणाम काय? एक माणूस दोन वाटतो, कमजोर साक्ष भक्कम दिसते. हिजरी ४६३ मध्ये वारलेल्या खतीब बगदादी यांनी एकाला दोन आणि दोघांना एक समजण्याच्या भ्रमांवर आख्खा ग्रंथ लिहिला आहे. साडेनऊशे वर्षांपूर्वी! आणि मी एका बाडाचे दोन अहवाल करून बसलो होतो. त्या सुदानी साहेबांनी मला तेव्हा एवढंच ऐकवलं होतं, "याला आमच्याकडे नाव आहे."

बरं, मग चूक दिसली तर करायचं काय? त्याचंही उत्तर त्या शास्त्रात आहे. इब्न सलाह (मृत्यू हिजरी ६४३, इसवी १२४५) यांनी लिहून ठेवलं आहे की एखादा शब्द परंपरेने तसाच आला असेल पण अर्थाने बिघडलेला वाटत असेल, तर नकलाकाराने तो खोडू नये. त्यावर स्वाद अक्षरासारखी सुरुवात असलेली एक रेघ ओढावी. आणि ती रेघ शब्दाला चिकटवू नये, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल शब्द खोडलाय. याला तदबीब म्हणतात. फुटक्या भांड्याला जो डाग लावतात त्यावरून. भांडं तेच, डाग दिसतो, आणि दिसायलाच हवा. लेखातून रकाना कसा ओव्हरराइड करावा याचं इतकं नेमकं वर्णन मला बिबलाटेकच्या जाडजूड माहितीपुस्तकातही सापडलेलं नाही.

एक जाता जाता. बायबर सुरू करणाऱ्यांपैकी फ्रान्स्वा शॅरेट हे अरबी विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक. नावं अक्षरक्रमाने लावताना सुरुवातीचं "अल-" सोडून द्यायचं, हे बायबरला न सांगताही कळतं. ते छापतो, पण क्रमात धरत नाही. नाव न बदलता सोय कशी करावी याचा हा नमुना. अरबीसाठी कुणीतरी बसून हे केलं. मराठीसाठी शकाचं आणि टोपणनावांचं कोण करणार? आपण मात्र यंत्राला बसेल असं आपलं नाव छाटून द्यायला एका पायावर तयार.

आक्षेप ठाऊक आहेत. "नियतकालिकाचा नियमच तसा आहे." असेल. मग नियमाने मागितलेलं द्या आणि मूळही शेजारी द्या. १४१३ हि. [१९९२-९३] असं लिहिलेलं नाकारणारा संपादक मला अजून भेटलेला नाही. "मार्गदर्शक ऐकत नाहीत." हा खरा आक्षेप आहे आणि माझ्याकडे त्यावर औषध नाही. फक्त एवढंच म्हणतो की मूळ यादी तुमची आहे, ती तरी खरी ठेवा. प्रबंध एकदाच सादर होतो, यादी जन्मभर पुरते. "आम्ही यादी झोटेरोतून काढतो, हे सगळं आम्हाला लागू नाही." तुम्हालाच जास्त लागू आहे! झोटेरोतून काढलेली फाइल हाताने बदललीत तर पुढच्या वेळी काढताना ती नव्याने लिहिली जाते आणि तुमचे बदल जातात. लेखात लिहिलेले बदल राहतात.

एक आक्षेप मात्र मी स्वतःच घेतो. लेखातल्या ओव्हरराइडचाही ढीग होतो. वर्षाने तीच फाइल दुसऱ्याच्या हाती जाते, त्याला सुरुवातीच्या वीस विचित्र ओळी दिसतात, कशाच्या ते कळत नाही, तो घाबरून तशाच ठेवतो. म्हणजे पिंप स्वच्छ राहिलं, पण तांब्यात काय घातलंय कुणालाच ठाऊक नाही.

यावरचा उपाय आपल्या गावातच आहे. सातबारा. जमिनीचा हक्क बदलला म्हणून सातबाऱ्यावरचं नाव कुणी खोडरबराने पुसत नाही. आधी फेरफाराची नोंद होते. तिला नंबर असतो, तारीख असते, खरेदीने की वारसाने की वाटणीने हे कारण असतं, संबंधितांना नोटीस जाते, आणि नोंद प्रमाणित झाल्यावर जुन्या नावाला पूर्वी कंस व्हायचा. कंसातलं नाव वाचता येतं. पन्नास वर्षांनी नातू कोर्टात जातो तो त्या कंसाच्या आणि फेरफार नंबराच्या जोरावर. सातबाऱ्यात भानगडी होत नाहीत असं कोण म्हणेल? पण भानगड उघडकीला येते ती फेरफारामुळेच.

तसंच इथे करा. लेखातल्या प्रत्येक ओव्हरराइडच्या वर टिपणीची एक ओळ: काय होतं, काय केलं, कशासाठी, कुणी, कधी. लाटेकमध्ये टक्क्याची खूण घातली की ती ओळ छापली जात नाही, पण फाइलीत राहते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आमच्या विभागात आता हा नियम आहे. सामायिक यादीत मुखपृष्ठावर जे छापलंय तेच, ज्या भाषेत छापलंय त्या भाषेत, ज्या सनात छापलंय त्या सनात. चूक सापडली तर दुरुस्ती यादीत, सगळ्यांना सांगून. सोय हवी असेल तर लेखात, टिपणीसकट. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी कटकट केली, मीसुद्धा. अरबी शीर्षकं टंकायला वेळ लागतो.

त्या यादीची साफसफाई अजून चालू आहे. एकेक बाड कपाटातून काढायचं, मुखपृष्ठ पाहायचं, नोंद जुळवायची. आतापर्यंत आणखी तीन जोड्या सापडल्या, तिन्ही सालाच्या. त्यातलं एक साल मीच बदललेलं निघालं, आणि का बदललं होतं ते मला आठवत नाही.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कुणी प्रबंध लिहीत असेल, तर आज रात्री एवढंच करा: आपली यादी उघडा, शेल्फावरची पाच मराठी पुस्तकं काढा आणि मुखपृष्ठाशी ताडून पाहा. चूकभूल द्यावी घ्यावी.